‘कमला’मधली सरिता: जिच्यावर अन्याय होतो, तिने दुसऱ्यावरचा अन्याय पाहिला तर?

विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकावर बोलणे निघाले की ते बहुधा जयसिंग जाधवपाशी येऊन थांबते, आणि त्यात नवल नाही. देशात माणसांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी हा पत्रकार एक आदिवासी बाई विकत घेतो, पत्रकार परिषदेत तिला पुरावा म्हणून उभी करतो आणि काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात करतो. त्याचा दोष ओळखायला फार विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो त्याच्या बायकोबद्दल. सरिता या घरात स्वतः दबलेली आहे आणि त्याच घरात कमलेचे जे चालले आहे ते ती उघड्या डोळ्यांनी पाहते आहे. तिला पीडित म्हणावे तर कमलेच्या बाबतीत तिच्याकडून काहीच अपेक्षा ठेवता येत नाही. तिला नुसती बघी म्हणावे तर तिच्यावर जे गुदरले आहे ते पुसले जाते. अशा पात्राची नैतिक जबाबदारी कशी ठरवायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे, आणि तो उलगडायला सरितेइतके सोयीचे पात्र मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. नाटक १९८१ सालचे आहे. त्याच वर्षी इंडियन एक्सप्रेसच्या एका पत्रकाराने एक बाई विकत घेऊन त्याची बातमी केली होती आणि देशभर खळबळ उडाली होती. त्या प्रकरणाचा धागा नाटकाला आहे, पण पात्रे आणि घर तेंडुलकरांचे आहे. दिल्लीच्या नीती बाग या बड्या वस्तीतल्या बंगल्यात जयसिंग आणि सरिता राहतात. सरितेचे काका काकासाहेब तिथे मुक्कामाला आलेले आहेत. ते जुन्या वळणाचे पत्रकार असून देशी भाषेतले छोटे वृत्तपत्र चालवतात. नवरा दौऱ्यावर असताना घरी आलेला प्रत्येक फोन सरितेने नोंदवून ठेवायचा असतो, आणि तो परतला की त्या नोंदींचा हिशेब द्यायचा असतो. तेव्हाच्या बिहारमधल्या लुहारडगा इथल्या बाजारातून अडीचशे रुपयांना विकत घेतलेल्या कमलेला घेऊन तो घरी येतो तेव्हा सरितेला आगाऊ काहीही सांगितलेले नसते. या कानाचे त्या कानाला कळू द्यायचे नाही, एवढी ताकीद मात्र तिला मिळते.

आता प्रश्नाकडे येऊ. एखाद्याला नैतिकदृष्ट्या जबाबदार धरायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात, असे ॲरिस्टॉटलपासून मानले जाते: आपण काय करत आहोत हे त्याला ठाऊक होते का, आणि ते करणे न करणे त्याच्या हातात होते का. पहिलीला आपण जाण म्हणू आणि दुसरीला वाव. व्यवहारात यांच्या जोडीला एक तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे किंमत. वाव असतो, पण तो वापरला तर काय गमवावे लागेल? वादळात सापडलेल्या गलबतावरचा माल समुद्रात टाकणाऱ्या नाविकाचे उदाहरण ॲरिस्टॉटलने याच संदर्भात दिले आहे. माल तो स्वतःच्याच हाताने टाकतो, म्हणजे कृती त्याची असते. पण शहाणासुरता कोणीही माणूस त्या प्रसंगी तेच करील, म्हणून आपण त्याला बोल लावत नाही.

पीडित माणसाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींना धक्का बसलेला असतो. सतत दुसऱ्याच्या मर्जीने जगणाऱ्याची जाण बोथट होते, कारण जे रोज घडते ते त्याला अन्याय म्हणून दिसेनासे होते. त्याचा वाव कमी असतो. आणि किंमत इतरांपेक्षा जास्त असते, कारण त्याने तोंड उघडले की पहिला तडाखा त्यालाच बसतो. एवढे कळले की ‘ती स्वतःच बिचारी, तिला काय बोलायचे’ असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. माझे मत असे की ही घाई करू नये. जबाबदारी कमी होणे वेगळे आणि नाहीशी होणे वेगळे. शिवाय ती किती कमी झाली हे त्या माणसाच्या एकूण दुःखावरून ठरत नाही. समोरच्या नेमक्या प्रसंगी त्याला काय दिसत होते, काय करता येत होते आणि त्याचे मोल काय पडले असते, यावरून ते ठरते. म्हणजे सरितेच्या सगळ्या वागण्याचा एकदम निवाडा होऊ शकत नाही. तो प्रसंगागणिक करावा लागतो.

सुरुवातीचा प्रसंग घ्या. कमला घरात येते ती फाटक्या, मळक्या कपड्यांत. सरितेला वाटते की तिला निदान स्वच्छ साडी द्यावी. जयसिंगला ते नको असते. पत्रकार परिषदेत कमला जशी आणली तशीच दिसली पाहिजे, नाहीतर पुराव्यातला जीवच निघून जाईल, असा त्याचा हिशेब आहे. सरिता गप्प बसते. इथे जाण किती आहे? काहीतरी चुकते आहे एवढे तिला कळते, नाहीतर साडीचा विचारच मनात आला नसता. पण नवऱ्याचे काम मोठे आहे, त्याला त्यातले अधिक कळते, ही तिची वर्षानुवर्षांची धारणाही खोटी नाही. वाव किती आहे? एक साडी देण्याइतका नक्कीच आहे. किंमत म्हणाल तर नवऱ्याचा संताप. या प्रसंगी मी सरितेला फारसा दोष देणार नाही. पण तिच्या संकोचाची नोंद घेईन, कारण तिची नजर पूर्ण मेलेली नाही हे त्या साडीच्या विचारावरून कळते, आणि ज्याची नजर जिवंत आहे त्याला ‘मला कळलेच नाही’ ही सबब पुढे फार काळ वापरता येत नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर हे प्रकरण लवकर मिटते. त्या काळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० प्रमाणे माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होता. तो प्रश्न जयसिंगपुढे येतो, सरितेपुढे नाही. केवळ गप्प राहिल्याबद्दल शिक्षा करायची तर ते काम करणे कायद्यानेच त्या माणसावर बंधनकारक केलेले असावे लागते, आणि साध्या बघ्यावर असे बंधन आपला कायदा सहसा घालत नाही. मात्र जिथे घालतो तिथे तो कसा विचार करतो हे पाहण्यासारखे आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे त्याने तो कळवलाच पाहिजे, आणि न कळवणे हाही गुन्हा आहे. पण न कळवणारे स्वतःच बालक असेल तर त्याला ही शिक्षा लागू होत नाही. ज्याचा वाव मुळातच तोकडा आहे त्याच्यावर तेच ओझे टाकायचे नाही, ही समज तिथे स्पष्ट दिसते. तरीही कायद्याला एक रेघ मारून अलीकडे किंवा पलीकडे एवढेच ठरवायचे असते, आणि सरिता त्या रेघेच्या अलीकडे सुखरूप आहे. नैतिक प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

त्या प्रश्नाचा गाभा नाटकातल्या कमला आणि सरिता यांच्या संवादात आहे. रात्रीच्या वेळी दोघीच असताना कमला अगदी साधेपणाने विचारते की, मालकाने तुम्हाला कितीला विकत घेतले? तिच्या जगात बाई घरात येते ती अशीच, तेव्हा या प्रश्नात तिला काही वावगे वाटत नाही. सरिता आधी गोंधळते, मग सावरून सांगते: सातशे रुपयांना. कमलेला हा सौदा महाग वाटतो, कारण एवढे पैसे मोजूनही बाईसाहेबांना मूलबाळ नाही. मग ती एक व्यवस्था सुचवते. दोघींनी बहिणींसारखे राहायचे, कष्टाचे काम तिने करायचे, हिशेबाचे आणि लिहिण्याचे सरितेने, आणि महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस मालकाकडे वाटून घ्यायचे.

या संवादावर बोलणारे बहुतेक जण सरितेला झालेल्या साक्षात्कारापाशी थांबतात. आपणही इथे विकत आणलेलीच आहोत हे तिला कळते, आणि ते खरेच आहे. या साक्षात्काराची मुळे घरात आधीपासून होती, ही बाजू मात्र थोडी दुर्लक्षित राहते. जयसिंगचा पत्रकार मित्र जैन येता-जाता चेष्टेच्या सुरात हेच सांगत असतो. शोषणाविरुद्ध लढणाऱ्या या वीराने संस्थानी घराण्यातल्या, घोड्यावर रपेट करणाऱ्या मुलीची घरात वेठबिगार करून टाकली आहे, असे तो तिच्या तोंडावर म्हणतो, आणि तिचा निरोप घेतानाही वेठबिगार म्हणूनच घेतो. सगळे हसतात. म्हणजे माहिती घरात होतीच, पण विनोदाच्या वेष्टनात होती आणि त्यामुळे निरुपद्रवी झाली होती. कमला तीच माहिती विनोदाशिवाय, खरेदीच्या आकड्यासकट समोर ठेवते.

जबाबदारीच्या दृष्टीने इथे जे घडते ते महत्त्वाचे आहे. त्या रात्रीनंतर सरितेचा वाव वाढलेला नाही. घर तेच, नवरा तोच, हातात पैसा नाही. बदलली ती जाण. आणि ही जाण तिला मिळाली ती तिच्या पीडित असण्यातूनच. जयसिंग हजार लेख लिहूनही जे पाहू शकला नाही ते तिला एका प्रश्नात दिसले, कारण ती स्वतः त्या जागी उभी होती. म्हणून पीडित असण्याकडे केवळ सवलत म्हणून पाहणे अपुरे आहे. ते माणसाचे हात बांधते हे खरे, पण जे इतरांना दिसत नाही ते त्याला दाखवतेही. पहिल्या बाजूने जबाबदारी हलकी होते, दुसऱ्या बाजूने जड होते. दोन्ही एकाच वेळी खरे असते, आणि आपल्याला अवघड जाते ते हेच मान्य करणे.

दुसऱ्या दिवशी जयसिंग कमलेला आश्रमात पाठवायचे ठरवतो. बाई विकत घेतल्यामुळे तो स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो, म्हणून त्याला तिला घरात ठेवायचे नाही. या वेळी सरिता गप्प बसत नाही. कमला इथेच राहील, असे ती म्हणते. या घरात निर्णय मी घेतो, असे तो सुनावतो, आणि कमला जाते. सरितेने प्रयत्न केला, तो हाणून पाडला गेला. तिच्या बाजूने एवढे नक्कीच मांडता येते की जाण आल्यावर तिने ती दडपली नाही, आणि जेवढा वाव होता तेवढा वापरून पाहिला. ती दरवाजा अडवून उभी का राहिली नाही, असे विचारणाऱ्याने आधी स्वतःला त्या दिवाणखान्यात उभे करून पाहावे.

माझा आक्षेप त्यानंतरच्या भागाला आहे, आणि तो मांडताना जपून बोलायला हवे. कमला गेल्यावर सरिता पेटून उठते. नवऱ्याबरोबर पार्टीला जायला ती नकार देते. आपण स्वतः एक पत्रकार परिषद बोलावू आणि जयसिंग जाधव या थोर माणसाच्या घरात एक गुलाम आहे हे जगाला सांगू, असे ती काकासाहेबांना म्हणते. हा नाटकातला सर्वांत धारदार क्षण आहे, आणि रंगभूमीवर तो अंगावर येतो. पण त्या पत्रकार परिषदेत ती ज्या गुलामाला उभे करणार आहे ती सरिता आहे. कमला कुठे आहे, आश्रमात तिचे काय होईल, तिला भेटायला जाता येईल का, या प्रश्नांना तिच्या रागात आता फारशी जागा उरलेली नाही. कमलेने तिला आरसा दाखवला, आणि आरशात स्वतःचे रूप दिसल्यावर आरसा धरणारीचा हात दिसेनासा झाला.

आपण दोघी सारख्याच आहोत, या भावनेत सत्य आहे आणि धोकाही आहे. सत्य असे की दोघींवर मालकी सांगणारा माणूस एकच आहे. धोका असा की दोघींच्या परिस्थितीतले अंतर त्या भावनेत विरघळून जाते. सरिता शिकलेली आहे, तिला लिहिता-बोलता येते, तिच्या पाठीशी काका आहेत, ती पत्रकार परिषद बोलावू असे निदान म्हणू शकते. कमलेला कोणी पत्रकार परिषदेत नेले तर तिथे पत्रकार तिला अचकट-विचकट प्रश्न विचारतात, आणि त्यावर नंतर जयसिंग आणि जैन घरी बसून खिदळतात. नात्झी छळछावणीतून वाचलेल्या प्रीमो लेवी यांनी १९८६ साली लिहिताना छळ झालेले आणि छळाला हातभार लावणारे यांच्यामधल्या करड्या प्रदेशाची चर्चा केली. त्या प्रदेशातल्या दुबळ्यांवर निवाडा करायची घाई करू नका, सर्वांत मोठी जबाबदारी व्यवस्थेची आहे, असे त्यांनी बजावले. त्याच वेळी सगळे सारखेच दोषी आणि सगळे सारखेच पीडित असा गोंधळ घालायलाही त्यांचा ठाम विरोध होता. नीती बागेतला बंगला म्हणजे छळछावणी नव्हे, आणि ती तुलना इथे करायची नाही. पण पीडितांमध्येही पायऱ्या असतात आणि वरच्या पायरीवरच्या पीडिताला खालच्या पायरीकडे पाहणे चुकवता येत नाही, हे लेवींच्या सावधगिरीतून शिकता येते.

शेवटी सत्ताधाऱ्यांच्या दबावामुळे वृत्तपत्राचा मालक जयसिंगला नोकरीवरून काढतो, आणि सरिता आपले बंड बाजूला ठेवते. तो कोसळलेला असताना आपण त्याच्या पाठीशी राहायचे, पण एक दिवस असा येईल की आपण गुलाम राहणार नाही, असे ती काकासाहेबांना सांगते. ही माघार आहे की धीर, यावर अनेक वर्षे वाद चालला आहे. स्वतःच्या सुटकेचा मुहूर्त कधी ठरवायचा हा सर्वस्वी सरितेचा अधिकार आहे, आणि तिने तो पुढे ढकलला म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही. कमलेबद्दलच्या कर्तव्याची गोष्ट वेगळी आहे. आपला हक्क आपण लांबणीवर टाकू शकतो, पण दुसऱ्याचे आपण लागत असलेले देणे तितक्याच सहजपणे लांबणीवर टाकता येत नाही. नाटकात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळल्या जातात, आणि सरितेच्या धैर्याचे कौतुक करताना आपणही त्या तशाच गुंडाळलेल्या ठेवतो.

यावर कोणी म्हणेल की सरितेने कमलेचा शोध घेतला नाही, कारण तेंडुलकरांनी तसे लिहिले नाही. मग पात्राला दोष देण्यात काय हशील? शंका रास्त आहे, आणि काल्पनिक पात्रांच्या नीतीवर बोलताना ती नेहमी ध्यानात ठेवावी. पात्राच्या जगात कोणते मार्ग उघडे होते आणि लेखकाने कोणता निवडला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. आश्रमात जाऊन विचारपूस करणे सरितेच्या जगात अशक्य नव्हते, म्हणून ते न होणे तिच्या खात्यावर मांडता येते. कमला रंगमंचावरून नाहीशी होते आणि प्रेक्षकाला तिची आठवणही क्वचित येते, ही मात्र रचना नाटककाराची आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती जाणूनबुजून केलेली आहे. बातमी छापून झाल्यावर वाचक जिला विसरतात, तिला प्रेक्षकही दीड तासात विसरतात. मग सरितेच्या विस्मरणाला बोल लावणारा प्रेक्षक त्याच विस्मरणात सामील असतो, आणि त्याच्यावर तर सरितेसारखे कसले दडपणही नसते.

सरितेच्या जबाबदारीचे माप नीट लावायचे असेल तर तिच्याशेजारी काकासाहेबांना उभे करून पाहावे. जयसिंगची पत्रकारिता त्यांना पटत नाही, आणि पत्रकार परिषदेचा किस्सा ऐकून ते संतापतात. नीतीची चाड असलेला, जाणता, भला माणूस. पण सरिता आपले गाऱ्हाणे घेऊन त्यांच्याकडे येते तेव्हा ते तिला सांगतात की पुरुष असेच असतात, आपणही तिच्या काकूला असेच वागवले. ती मागून लंगडत का होईना पण येणारच या खात्रीने आपण मागे वळून न पाहता पुढे चालत राहिलो, असे ते म्हणतात. बायकांनीच का मागून यायचे, असे सरिता विचारते. काकासाहेबांना सगळे कळलेले आहे, आणि बोलायचे ठरवले तर त्यांना गमवावे लागणारे जवळजवळ काहीच नाही. जयसिंगच्या घरात ते पाहुणे आहेत, नोकर नाहीत आणि बायकोही नाहीत. जाण पूर्ण, वाव पुरेसा, किंमत नगण्य, आणि तरीही त्यांच्या हातून होते ते एक प्रांजळ कबुलीजबाब आणि थोडा उपदेश. आपण सरितेला तोलत बसतो, पण या तराजूत खरे वजन काकासाहेबांच्या पारड्यात पडते. ते भले आहेत, म्हणून आपण त्यांना तोलायचेच विसरतो.